व्हय म्हाराजा, टीटीवायएस शून्य!

भाद्रपद लागला की मुंबईचा चाकरमानी कोकणात उतरतो. कुडाळ, कणकवली, सिंधुदुर्ग अशा स्थानकांवर पहाटे पहाटे गाडीतून आधी पिशव्या उतरतात, मग पोरे उतरतात आणि सर्वांत शेवटी, गाडी हलता हलता, घरचा कर्ता पुरुष उतरतो. या सामानात अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. काळ्या सॅकमध्ये, मखराच्या कागदांखाली दडपलेला लॅपटॉप. २०२०च्या टाळेबंदीने कंपन्यांना शिकवले की माणूस मालवणात बसूनही काम करतो, आणि माणसाला शिकवले की मालवणात बसूनही काम करावेच लागते.

यातली एक जात विशेष पाहण्यासारखी आहे. कंपनीत तिला सिस्टिम ॲडमिन म्हणतात, गावात ‘कंप्युटरवालो’. गावाच्या समजुतीप्रमाणे याचे काम म्हणजे सरपंचांचा प्रिंटर चालू करून देणे, मामाच्या टीव्हीवर भजनाचा चॅनल लावणे आणि कोणाचा ओटीपी का येत नाही याचा जाब देणे. प्रत्यक्षात याच्या ताब्यात महापे, रबाळे नाहीतर ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरातले लिनक्स सर्व्हर असतात आणि ते पाचेकशे किलोमीटरवरून सांभाळायचे असतात. एरवी हे सोपे आहे. एसएसएच नावाच्या सोयीने सर्व्हरमध्ये शिरावे, काम करावे, बाहेर पडावे. नेटवर्क जिवंत आहे तोवर मालवण आणि महापे यांच्यात अंतरच नाही. नेटवर्क गेले की मात्र पाचशे किलोमीटर ते पाचशे किलोमीटर, आणि तेही चतुर्थीच्या आठवड्यात, जेव्हा परतीचे तिकीट मिळवण्यापेक्षा नवीन सर्व्हर विकत घेणे सोपे असते.

नेटवर्क आपणहून क्वचितच जाते. ते घालवले जाते, आणि घालवणारा बहुधा स्वतः कंप्युटरवालोच असतो. फायरवॉलमध्ये एक नियम घालायचा म्हणून हा गडी बसतो, सगळ्यांना मज्जाव करणारी ओळ आधी लिहितो आणि स्वतःला प्रवेश देणारी ओळ नंतर लिहिणार असतो. ती नंतरची ओळ लिहायला तो उरतच नाही. नेटवर्कच्या मांडणीत अशीच चूक होऊ नये म्हणून उबुंटूमध्ये उतारा आहे: बदल ‘नुसता करून बघ’ असे सांगणारी एक आज्ञा, जिला १२० सेकंदांत होकार मिळाला नाही तर ती सगळे पूर्वीसारखे करून ठेवते. हा उतारा ज्यांना ठाऊक असतो ते तो वापरत नाहीत, कारण ते अनुभवी असतात.

मोठ्यांच्या घरीही हेच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळेच खाली आले, ती आज्ञा अडवायला ठेवलेल्या तपासनीस प्रणालीत दोष होता, आणि अडीअडचणीसाठी राखलेला पर्यायी मार्गही चालेना. अखेर इंजिनियरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरात जावे लागले. तिथल्या बंदोबस्तामुळे आत शिरून यंत्रांपर्यंत पोचायलाही वेळ गेला. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी गाडी काढून जावे लागते, हे ऐकून मालवणातल्या माणसाला बरे वाटते. पण त्यांच्या वाटेत कशेडी घाट नसतो.

घरच्या आजीने मात्र फेसबुकच्या आधीच नेमका मुद्दा काढलेला असतो.

“तुझो तो सर्वर खंय असता रे?”

“महाप्याक, आजये.”

“मगे तेका कायतरी झालां तर तू हंय बसान काय करतलंस?”

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सीरियल कन्सोल.

आता महाप्याचा तो सर्व्हर महाप्यातही नसतो, ही गोष्ट आजीपासून लपवलेली बरी. महाप्यात एक खरे, लोखंडी, पंख्यांचा घोंगाट करणारे यंत्र असते. त्याच्या पोटात केव्हीएम नावाची व्यवस्था (फेब्रुवारी २००७मध्ये ती लिनक्सच्या मूळ गाभ्यात दाखल झाली) आणि तिच्या जोडीला क्यूईएमयू हा प्रोग्राम मिळून चाळीस-पन्नास काल्पनिक यंत्रे चालवतात. प्रत्येक काल्पनिक यंत्राला वाटते की आपण खरे आहोत. त्याला काल्पनिक डिस्क असते, काल्पनिक नेटवर्क कार्ड असते आणि एक काल्पनिक पडदाही असतो. यंत्र सुरू होताना त्या पडद्यावर भराभर ओळी उमटतात: एवढी मेमरी सापडली, इतके प्रोसेसर दिसले, अमुक डिस्क मिळाली, तमुक मिळाली नाही. यंत्र बिचारे जीव तोडून बोलत असते. ऐकायला कोणी नसते, कारण खरा पडदाच नसतो.

तेव्हा करायचे इतकेच, की यंत्राला सांगायचे, बाबा रे, तुझे जे काही म्हणणे आहे ते पडद्यावर न मांडता सीरियल पोर्टवर मांड, तिथे आम्ही ऐकत बसलो आहोत. हा पोर्टही काल्पनिकच. पण त्याचे घराणे मोठे.

लिनक्समध्ये या पोर्टाचे नाव टीटीवायएस शून्य. यातले टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, अर्थात तारखात्यातला तो खडखडणारा टेलिप्रिंटर. १९६३ साली बाजारात आलेले टेलिटाइप कंपनीचे ‘मॉडेल ३३’ सेकंदाला दहा अक्षरे छापायचे, तीही फक्त इंग्रजी मोठ्या लिपीत. १९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला हात घातला तेव्हा समोर असली यंत्रे होती. युनिक्सच्या आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या का, याचे उत्तर त्या यंत्राच्या दगडासारख्या कळा दाबून बोटे दुखलेल्या माणसांकडे आहे. वेग मोजायचे ‘बॉड’ हे एकक फ्रान्सच्या एमिल बोदो या तार अभियंत्याच्या नावावरून आले. त्याच्या संकेतलिपीचे पेटंट १८७४चे. आपल्याकडची तार १४ जुलै २०१३च्या रात्री कायमची थांबली. कोकणात तार आली म्हटल्यावर पाकीट फोडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची, कारण मुंबईहून शुभवार्ता मनिऑर्डरीने येई आणि तार फक्त वाईट बातमीसाठी राखून ठेवलेली असे. सीरियल कन्सोलने हा वारसा इमाने चालवला आहे. सगळे ठीक असताना तो कोणीही उघडत नाही.

तारेच्या टोकाला जी चिप बसवायचे, तिच्या १६५५०ए नावाच्या अवताराची हुबेहूब नक्कल क्यूईएमयू आजही करतो. १९८०च्या दशकातली ही चिप. तिची खासियत म्हणजे सोळा अक्षरे साठवणारी चिमुकली रांग. तिच्या आधीच्या १६५५०मध्ये ही रांग नीट चालत नसे म्हणून मागे ‘ए’ लावून दुरुस्त आवृत्ती काढावी लागली, आणि आता ती दुरुस्त आवृत्ती, प्रत्यक्ष चिप नसतानाही, जगभरच्या डेटा सेंटरांत लाखो यंत्रांच्या पोटात नांदते आहे. तिचा पत्ता मूळ आयबीएम पीसीच्या काळात ठरला: पोर्ट थ्री-एफ-एट, इंटरप्ट चार. तो पीसी आला ऑगस्ट १९८१मध्ये. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. जिल्ह्यात त्यानंतर कोकण रेल्वे आली, चिपीला विमानतळ झाला, महामार्ग चार पदरी झाला आणि त्या प्रत्येक वेळी कोणाचा ना कोणाचा पत्ता बदलला. थ्री-एफ-एट जागचा हलला नाही.

एवढी प्रस्तावना झाल्यावर प्रत्यक्ष काम एका ओळीचे आहे. ही ओळ ग्रब नावाच्या, यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत लिहायची. शहाणा कंप्युटरवालो ती चतुर्थीला निघण्यापूर्वीच लिहितो. बाकीचे मालवणात पोचल्यावर, ऑफिसात राहिलेल्या साताऱ्याच्या नव्या पोराला फोनवर सांगतात.

“लिही. कन्सोल. बरोबरचे चिन्ह. टी, टी, वाय.”

“हां सर.”

“एस. कॅपिटल.”

“सगळंच कॅपिटल?”

“फक्त एस. आणि त्याला चिकटून शून्य.”

“ओ.”

“ओ न्हय रे, शून्य! शून्य!” राग आला की प्रमाण मराठी सुटते.

“शून्य. मग स्पेस?”

“स्पेस दिलीस तर बघ. कॉमा. आणि एक लाख पंधरा हजार दोनशे.”

इथे स्वयंपाकघरातून, खोबरे खवता खवता, आईचा आवाज येतो: “रे झिला, कोणाक दितंस येवढे पैशे?”

एक लाख पंधरा हजार दोनशे हा वेग आहे, सेकंदाला इतके बिट. हा विचित्र आकडा आला कुठून? जुन्या सीरियल कार्डावर १.८४३२ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक असे. त्याला सोळाने भागले की नेमके ११५२०० येतात. आता कार्ड नाही, स्फटिक नाही, आणि काल्पनिक तारेवर वेगाला अर्थही फारसा नाही. तरी सांगावा लागतो. त्यापुढे ‘एन आठ’ लिहितात: अक्षराला आठ बिट, पॅरिटी नाही. पॅरिटी म्हणजे तारेवरच्या खरखरीत एखादा बिट उलटला तर ते ओळखायची युक्ती. जी तारच नाही तिच्यावर खरखर होणार नाही, अशी ही शपथेवर दिलेली ग्वाही.

खरी गंमत पुढे आहे. या ओळीत कन्सोलचे नाव दोनदा लिहिता येते. एकदा पडद्यासाठी, एकदा सीरियलसाठी. गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे, संदेश दोन्हीकडे जातात. पण ओळीत ज्याचे नाव शेवटी, तोच ‘मुख्य कन्सोल’. कर्नेल जागे झाल्यावर बाकीच्या सेवा उठवणारा सिस्टमडी आपले बोलणे फक्त त्या शेवटच्याकडे करतो. हे कोकणातल्या माणसाला समजावून द्यायला वेळ लागत नाही. देवळात गाऱ्हाणे घालतात तसे हे आहे. मानकरी पुढे उभा राहून ‘बा देवा म्हाराजा’ अशी सुरुवात करतो, गावाची एकेक बाब देवापुढे मांडतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी गाव एकमुखाने म्हणतो, ‘व्हय म्हाराजा’. कर्नेल असेच एकेक मांडत जाते. पाठोपाठ सिस्टमडीच्या ओळी सुरू होतात आणि प्रत्येकीच्या अलीकडे, चौकटी कंसात, हिरव्या अक्षरांत ‘ओके’. लॉग जमवणारी सेवा उठली, व्हय म्हाराजा. घड्याळ जुळवले, व्हय म्हाराजा. डिस्क जोडली, व्हय म्हाराजा. ज्याने सीरियलचे नाव आधी आणि पडद्याचे नंतर लिहिले, त्याला गाऱ्हाणे ऐकू येते पण गाव मुके झालेले असते. मग तो तासभर शोधत बसतो की यंत्र अडकले कुठे. यंत्र अडकलेले नसते, ते रिकाम्या पडद्यापुढे व्हय म्हाराजा करत असते.

कधी एखाद्या ओळीपुढे लाल अक्षरांत ‘फेल्ड’ उमटते. म्हणजे सभेतून कोणीतरी ‘नाय म्हाराजा’ म्हटल्यासारखे. खऱ्या गाऱ्हाण्यात असे धाडस अजून कोणी केलेले ऐकिवात नाही.

बरे, कित्येक सर्व्हरांवर त्याच ओळीत ‘क्वाएट’ असा एक शब्द आधीपासून असतो. तो असला की कर्नेल बोलायचेच टाळते. तो शब्द काढावा. शिवाय ग्रबला स्वतंत्रपणे सांगावे लागते की तुझी यादीही सीरियलवर दाखव, कारण कर्नेल उठण्यापूर्वीची पाच सेकंदे त्याची असतात आणि खरी शस्त्रक्रिया, म्हणजे जुने कर्नेल निवडणे किंवा पासवर्ड विसरल्यावर मागल्या वाटेने शिरणे, त्याच पाच सेकंदांत करायची असते. लॉगिन मागणारा गेटी नावाचा द्वारपाल पूर्वी हाताने नेमावा लागे. आता कर्नेलचा कन्सोल सीरियल आहे असे दिसले की सिस्टमडी तो आपणहून नेमतो. सरकारी कारभारात इतकी तत्परता दिसली तर लोक घाबरतील.

आणि सर्वांत शेवटी, फाइल जतन केल्यावर, डेबियन किंवा उबुंटू असेल तर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यायची. साताऱ्याच्या पोराने ओळ बरोबर लिहिलेली असते. कॅपिटल एस, शून्य, कॉमा, सगळे जागच्या जागी. अपडेट-ग्रब मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि न सांगितलेले काम न करण्याइतका तो शिस्तीचा असतो.

कोणी म्हणेल, क्लाउडवाल्यांच्या पानावर यंत्राचा पडदा चित्ररूपाने दिसतो की. मग ही तारेची भानगड कशाला? अशा माणसाने एकदा चिवला किंवा तारकर्लीच्या पुढे देवबागेत, पावसाळ्यात, मोबाइलच्या रेंजवर काम करून पाहावे. २०२०मध्ये कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावच्या एका विद्यार्थिनीला ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावे लागले होते, कारण रेंज तिथेच मिळे. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी मोबाइलच्या कोपऱ्यात फोरजीच्या जागी ‘ई’ दिसू लागते. चित्ररूप पडदा त्या ‘ई’वर वरून खाली उतरत येतो, निम्म्यावर थांबतो, आणि ज्या ओळीत चूक लिहिलेली असते ती खालच्या निम्म्यात असते. सीरियलवर मात्र नुसती अक्षरे येतात. प्रत्येक अक्षराला मागचा-पुढचा एकेक बिट धरून दहा बिट, म्हणजे ११५२०० वेगाला सेकंदाला ११५२० बाइट. यंत्राच्या जन्मापासून लॉगिनपर्यंतचे सारे गाऱ्हाणे बहुधा शंभर केबीच्या आत आटोपते. सकाळी सातला नातेवाइकांच्या गटावर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटो याहून जड असतो.

याच हिशेबाने ‘मालवण’ हा शब्दही मोजून पाहता येतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म, काना, ल, व, ण मिळून पंधरा. या तारेवरून सेकंदात ७६८ वेळा मालवण म्हणता येते. मॉडेल ३३ला एकदा म्हणायला दीड सेकंद लागला असता, आणि त्याने छापले काय असते ते विचारू नये. गंमत अशी की लिनक्सच्या स्वतःच्या काळ्या पडद्यावर मराठी धड उमटत नाही. त्या पडद्याच्या साच्यात फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची अक्कल त्याला नाही. सीरियलला अक्षर कळतच नाही, तो फक्त बाइट पोचवतो. पलीकडच्या टर्मिनलला देवनागरी येत असेल तर ‘सिंधुदुर्ग’ रफारासकट सुखरूप पोचतो. अडाण्याचा असा फायदा क्वचित होतो.

महाराष्ट्राला हा काळा मजकुरी पडदा नवा नाही. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सुरू केले तेव्हा विद्यार्थ्यांसाठी स्वस्त ‘शेल अकाउंट’ असे. मोडेमच्या किंकाळ्या संपल्या की समोर नुसती अक्षरे, चित्र एकही नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले कित्येक मुंबईकर, पुणेकर अभियंते त्या पडद्यावर ई-मेल लिहायला शिकले. त्यांच्यापुढे सीरियल कन्सोल उघडला की ते हळवे होतात आणि पोरांना गोष्टी सांगू लागतात. अशा वेळी सर्व्हर दुरुस्त व्हायला उशीर होतो.

पुण्याचा तर याहून थेट हात या कामात आहे. काल्पनिक यंत्रासाठी जुनी चिप कशाला हवी, सरळ आभासी कन्सोलच देऊ, या विचाराने लिनक्समध्ये ‘व्हर्टआयओ कन्सोल’ आला. त्याचा मूळ ड्रायव्हर आयबीएमच्या रस्टी रसेल यांचा. २००९पासून त्यात एकाच वेळी अनेक वाहिन्या चालवायची सोय घालून तो वाढवला तो रेड हॅटच्या पुणे कार्यालयातल्या अमित शाह यांनी. दिल्लीशी संबंध केवळ नामसाधर्म्याचा. त्यांचे नाव त्या फाइलीच्या माथ्यावर आहे आणि फाइल लिनक्सबरोबर जगभर जाते. या कन्सोलला एचव्हीसी शून्य म्हणतात. तो जुन्या चिपच्या नकलेहून कितीतरी चपळ आहे, कारण जुनीला एकेक अक्षर ढकलताना दर वेळी काल्पनिक यंत्र थांबवून खऱ्या यंत्राला हाक मारावी लागते. इतके असूनही म्हातारी चिप निवृत्त होत नाही. नवा कन्सोल त्याचा ड्रायव्हर जागा झाल्याखेरीज बोलत नाही आणि गडबड पुष्कळदा त्याच्या आधीच झालेली असते. त्या पहिल्या क्षणांत बोलणारी एकटी तीच, १६५५०ए.

म्हातारीच्या खोड्याही आहेत. लॅपटॉपवरून कन्सोल जोडला की ‘जोडले गेले’ असा संदेश येतो आणि त्यापुढे काळोख. नवखा माणूस इथे वाट पाहतो. पाहतच राहतो. लॉगिनची ओळ यंत्राने कधीच पाठवून झालेली असते, ती ऐकायला तेव्हा कोणी नव्हते आणि यंत्र दुसऱ्यांदा सांगत नाही. यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे एंटर दोनदा दाबणे. दाबला की लॉगिन उगवते. बाहेर पडणे याहून अवघड. कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस एकदम दाबायचा असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो खिडकीच बंद करतो. आणि ज्याचा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला आहे त्याला त्या जागी कंसाऐवजी नुक्ता मिळतो. नुक्त्याने आजवर कोणाचीही सुटका केलेली नाही.

दुसरी खोड रुंदीची. खिडकी केवढी आहे हे सांगायची सोयच या तारेत नाही. म्हणून यंत्र धरून चालते की समोर ८० रकाने आणि २४ ओळी आहेत. हे २४ रूढ झाले १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलमुळे आणि ८० आले १९२८च्या आयबीएमच्या भोकाच्या कार्डाकडून. लांब आज्ञा लिहिली की ८०व्या रकान्यानंतर ती खालच्या ओळीत न जाता स्वतःच्याच डोक्यावर चढून बसते, आणि काय लिहिले ते लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही. कॅप्स लॉक चालू ठेवून लॉगिन केले तर जुन्या युनिक्सचा असा समज होई की बिचाऱ्याकडे मॉडेल ३३ आहे, आणि तेही त्याच्याशी मोठ्या लिपीतच बोलू लागे.

एवढे सगळे पार करून माणूस लॉगिनपाशी पोचतो, नाव देतो, आणि यंत्र पासवर्ड मागते. पासवर्ड कोणाकडेच नसतो. क्लाउडवरच्या यंत्रांत एसएसएचच्या किल्लीने जातात. पासवर्ड ठेवणे असुरक्षित म्हणून तो ठेवलेलाच नसतो, आणि किल्ली सीरियलवर चालत नाही. ॲमेझॉनने मार्च २०२१मध्ये आपल्या यंत्रांना सीरियल कन्सोल दिला तोही हीच अट घेऊन: आत जायचे तर एखाद्या वापरकर्त्याला पासवर्ड आधीच दिलेला हवा. आधी म्हणजे बिघडण्याच्या आधी. डिस्कांच्या यादीत एखादी काढून टाकलेली डिस्क राहून गेली असेल तर यंत्र तिची दीड मिनिट वाट पाहते आणि आणीबाणीच्या अवस्थेत जाते. तिथे डेबियनसारख्या काही प्रकारांत रूटचे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे, खाते कुलूपबंद असेल तर यंत्र नम्रपणे कळवते की रूटचे खाते बंद असल्याने कन्सोल उघडता येत नाही, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. एंटर दाबला की तेच पुन्हा कळवते. बाहेर आरतीला मंडळी जमलेली असतात, झांजा सुरू झालेल्या असतात, आणि आतून विचारणा होते, “आरतेक येतलंस काय त्या डब्याफुडे बसतलंस?” डब्यापुढे बसलेला माणूस एंटर दाबत असतो.

ज्यांनी पासवर्ड ठेवलेला असतो त्यांच्यापुढे वेगळेच वाढून ठेवलेले असते. एसएसएच तुटले की सत्र संपते. इथे कन्सोलची खिडकी बंद केल्याचे पलीकडच्या यंत्राला कळतच नाही. तार तुटली म्हणायला तार कुठे आहे? लॉगआउट न करता उठलेला माणूस रूट म्हणून आत बसलेलाच राहतो. अशा बसलेल्या एका गड्याने पाचव्या दिवशी दुपारी ‘रीबूट’ एवढे टाइप केले आणि एंटर दाबण्याआधी विसर्जनाची हाक आली. खिडकी बंद करून तो गेला. संध्याकाळच्या पाळीला साताऱ्याच्या पोराने कन्सोल जोडला. समोर काळोख. त्याला शिकवल्याप्रमाणे त्याने एंटर दाबला. दुसरा एंटर दाबण्याची गरज पडली नाही. चौकशीत लॉगने नाव सांगितले ते पहिल्याचे, जो त्या वेळी चिवल्याच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात, डोक्यावर गणपतीचा पाट घेऊन उभा होता.